नळाकडे किती खुर्च्या

२ फेब्रुवारी

शेंगे,

पाकिटावर ‘प्राध्यापिका’ लिहून पुढे तुझं पूर्ण नाव, विभाग, विद्यापीठ असं सगळं नीट लिहिलंय. ते पोस्टमनसाठी. आत मात्र तू शेंगच. एव्हाना अंगाने सुटली असशील, केस पिकले असतील, तू वर्गात आलीस की पोरं उठून उभी राहत असतील, तरी इलाज नाही. हे नाव तुला मावशीने दिलं होतं आणि मावशीचं काही मी बदलत नाही. दाराचा रंगसुद्धा तोच आहे.

मी कोण ते एव्हाना कळलं असेल. नसेल कळलं तर पत्र इथेच फाड आणि आपल्या कामाला लाग.

पत्ता कसा मिळाला ते सांगते. मागच्या महिन्यात एक मुलगा प्रबंध बांधायला देऊन गेला. मूळचा इथलाच, शिकायला तुमच्याकडे होता. काळा पुठ्ठा आणि पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत म्हणाला. मी पानं जुळवायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर मार्गदर्शक म्हणून तुझं नाव, त्याखाली तुझी सही. तीच, शेवटचं अक्षर खाली लांब ओढलेली. खळीची वाटी हातात धरून मी तशीच उभी राहिले. एक गिऱ्हाईक येऊन दोनदा खाकरलं तेव्हा भानावर आले.

तर मी अजून इथेच आहे. खाली मावशीचं बांधणीचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर आपली भाड्याची खोली. मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या मागेपुढे कुणी नव्हतं, घर माझ्या नावावर करून गेली. लग्नाचं जमलं नाही. खरं सांगायचं तर मी फारसं जमवलंही नाही. पुठ्ठे, दोरा, आरी, खळ आणि मी. जिथे बसेल तिथे चिकटते म्हणून तू मला डिंकी म्हणायचीस. खोटं नव्हतं ते.

वरच्या खोलीत आता दोन मुली राहतात. एक नर्सिंगला आहे, दुसरी गणित शिकते. नावं आहेत त्यांना, पण मी एकीला नर्सबाई म्हणते आणि दुसरीला नुसतं गणित. त्या मला मावशी म्हणतात. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, मावशी कुठून आली म्हणून.

खिडकी अजून नीट लागत नाही. आपण तिच्या फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबायचो, आठवतं? या दोघीही तेच करतात. मी शिकवलं नाही त्यांना. टेबलही तेच, एकच. गणित खुर्चीवर बसते, नर्सबाई खाटेवर मांडी घालून मोठ्यांदा हाडांची नावं पाठ करते. खाली शिलाई करता करता माझी निम्मी हाडं पाठ झाली आहेत. तू इतिहासाचे तह असेच पाठ करायचीस आणि मी ओरडायचे, अगं एकदाचं युद्ध तरी होऊ दे!

गल्लीच्या मंडळाची सभा पुढच्या महिन्यात आहे. या वेळी विषय विद्यार्थ्यांचा आहे. तुला हसू येईल. पुढे कधीतरी लिहीन.

तुझी,
डिंकी

ता. क. त्या मुलाकडे तुझ्या सहीचं आणखी एखादं पान असतं का गं? सहज विचारते. तातडी नाही.


११ फेब्रुवारी

शेंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. एवढी वर्षं गप्प बसलेली तू एका आठवड्यात बोलायला लागशील असं काही नाही.

पण मी ते ‘सहज’ विचारलं होतं ते सहज नव्हतं. झाकून किती दिवस ठेवणार? तुझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध भिजला.

वरच्या पोरींनी नळ उघडा ठेवला आणि दोघी कॉलेजला गेल्या. पाणी आलं, बादली भरली, मोरी तुंबली, खोलीभर तळं झालं आणि तिथून ते माझ्या छतातून थेट टेबलावर. दुपारची वेळ, मी पुठ्ठा आणायला बाजारात गेलेले. परत येऊन पाहते तर तुझ्या पोराच्या गठ्ठ्यावर धार लागलेली. छापलेली पानं पुन्हा छापता येतात, ती तो छापून देणारच आहे. पण तुझी सही शाईची. तिचा नुसता निळा डाग राहिला आहे. पतंग गेला, शेपूट राहिलं.

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नर्सबाई रडली. गणित रडली नाही, फडकं घेऊन जमीन पुसत राहिली, त्याने माझं डोकं जास्त फिरलं. मग डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, सध्या मंडळाचे अध्यक्ष. ते हातात अर्ज घेऊनच फिरत होते. पुढच्या वर्षापासून या गल्लीत कुठल्याही घराने विद्यार्थ्यांना खोली द्यायची नाही. गोंगाट, सायकली, रात्री-अपरात्री येणंजाणं, आणि आता हे पाणी. मी सही केली. राग नाकाच्या शेंड्यावर होता, पेनही समोर होतं.

हे तुला सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. पण सांगितलं.

त्या संध्याकाळी ओली पानं सुटी करत बसले आणि सारखी एकच गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. मावशीच्या दुकानात पाणी आलं होतं ते. तेव्हा नळ कुणी उघडा ठेवला होता? प्राध्यापिकाबाई, तुम्ही! मावशीने तोंडातून एक शब्द काढला नाही. आतून सुतळीचा गुंडा आणला, एक टोक तुझ्या हातात दिलं, दुसरं माझ्या, आणि म्हणाली, “जा, समोरच्या खिडकीला बांधा.” मग कपड्यांचे चिमटे. आपले संपले, शेजाऱ्यांचे आणले, तेही संपले. या घरापासून त्या घरापर्यंत गल्लीभर पानं वाळत घातली. कुणाचा तरी जाडजूड कादंबरीचा गठ्ठा होता तो. लोक येता-जाता थांबायचे, एक पान वाचायचे, मग पुढचं कुठे लटकतंय ते शोधत फिरायचे. समोरच्या टायपिंगवाल्या बाई स्टूल घेऊन आल्या. “अहो, ती बाई शेवटी परत येते का?” असं त्या स्टुलावरून विचारत होत्या, आणि शेवटचं पान कुणाच्या दारात आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तू म्हणालीस, येते. तू ते पान वाचलंच नव्हतं! मी बांधताना पाहिलं, येत नाही ती.

तीन-चार दिवस गल्ली तशी होती. तसं सुंदर या गल्लीत पुन्हा काही झालं नाही. अगदी मनापासून लिहिते आहे.

आणि मग ती सभा. आपण दोघी कशाला गेलो होतो सभेला? पाण्यासाठीच की. पाणी किती वाजता सोडायचं ते मंडळ ठरवणार, आणि वरच्या खोल्यांत राहणाऱ्यांना ते कुणी सांगायचंसुद्धा नाही. म्हणून तर आपण नळ उघडा ठेवून झोपायचो, आवाजाने जाग यावी म्हणून. मत द्यायची पद्धत तीच होती जी आज आहे. प्रत्येक घराने एक खुर्ची आणायची. ठराव मान्य असेल त्याने खुर्ची उचलून अंगणातल्या नळाकडे जायचं, नसेल त्याने पायरीकडे थांबायचं. शेवटी खुर्च्या मोजायच्या. विद्यार्थ्यांनी मागे भिंतीला टेकून उभं राहायचं, ऐकायला मनाई नाही. आपण अडगळीतली तीन पायांची खुर्ची काढून तिला चौथा पाय ठोकला आणि वाजतगाजत घेऊन गेलो. तू तिच्यावर बसलीस आणि म्हणालीस, “आमचीही मोजा.” तेव्हाचे अध्यक्ष उठले, या डॉक्टरांचे सासरे, आणि म्हणाले, “खुर्ची घराची असते, मुली. खोलीची नसते.” लोक हसले. तू उभी राहून जे काय बोललीस ते ऐकून त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

त्यांनी नंतर मावशीला सांगितलं की ही मुलगी गल्लीत नको. मावशीने ऐकलं नसतं. पण तिला कात्रीत पकडायचं नाही म्हणून तू पहाटेच ट्रंक घेऊन निघालीस, हे मावशीनेच मला पुढे कधीतरी सांगितलं. जाण्याबद्दल मी तुला कधीच दोष दिला नाही.

दुखलं ते वेगळंच. सभा संपल्यावर मावशीची खुर्ची मी उचलली. तिचे गुडघे दुखत होते, दुसरं कारण नव्हतं. मी खुर्ची खांद्यावर घेऊन पुढे आणि तू मागून म्हणालीस, “झालीस की गं तू त्यांच्यातली.” त्यानंतर आपण बोललोच नाही. तू झोपलीस, मला वाटलं सकाळी बोलू. सकाळी तुझी खाट रिकामी.

तेवढं एक वाक्य ठेवून गेलीस. मी ते अजून सांभाळून आहे.

तुझी,
डिंकी

ता. क. सोबत कोरं प्रमाणपत्राचं पान जोडलं आहे. सही करून पाठव. पोराचं नुकसान नको.


२१ फेब्रुवारी

शेंगे,

एवढ्या वर्षांनी पत्र पाठवलंस आणि त्यात दोन ओळी! “सही करीन, त्याची घाई नाही. त्या पोरी कुठे जातील, आणि तू नळाकडे की पायरीकडे?” बस्स. खाली नाव नाही, तब्येत कशी विचारणं नाही, सहीचं पानही नाही. विद्यार्थ्यांच्या समासात असंच लिहीत असशील, “कारण द्या” म्हणून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग चहा केला. मग पुन्हा वाचलं.

कुठे जातील ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून वर जाऊन विचारलं. माझ्या घरात जिना चढून मी भाडेकरूंकडे गेले, अशी वेळ आणलीस.

नर्सबाईचं सोपं आहे. वसतिगृहात जागा नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला आतेबहीण आहे, तिच्या हॉलमध्ये झोपेल आणि पहाटेच्या पाळीला दोन बस बदलून जाईल. गणितचं अवघड आहे. तिच्या घरून शिकायला विरोधच आहे. खोली गेली असं कळलं की वडील म्हणणार, बरं झालं, परत ये. शेवटचं वर्ष राहिलं आहे तिचं. हे सगळं तिने असं सांगितलं, जसं काही फळ्यावर दुसऱ्या कुणाचं उदाहरण सोडवते आहे.

मी म्हटलं, “मग नळ उघडा टाकताना हे आठवलं नाही?”

“मावशी, पाणी सकाळी सहाला यायचं,” ती म्हणाली. “आम्ही सहाला उठून भरायचो. त्या आठवड्यात सहाला थेंब नाही. दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, उशिराने येत असेल. आंघोळ न करता गेलो. नळ सुरू राहिला, ती माझीच चूक. पण पाणी दुपारी सोडायला लागलेत हे आम्हाला कुणी सांगितलं?”

शेंगे, पाण्याची वेळ बदलायचा ठराव जानेवारीच्या सभेत झाला. बहुतेक घरांतली माणसं आता निवृत्त, दुपारी घरीच असतात, पहाटे उठायचा कंटाळा. मी त्या सभेला होते. खुर्ची उचलून नळाकडे गेलेसुद्धा. मलाही दुपारचीच वेळ सोयीची. घरी येऊन खालची टाकी भरायची वेळ बदलली आणि शिलाईला बसले. डोक्यावर दोघी हाडांची नावं पाठ करत होत्या, त्या ऐकत ऐकत शिवत होते. त्यांना सांगावं हे मनाच्या कोपऱ्यातसुद्धा आलं नाही. ही गोष्ट मला सुचू नये! जिने स्वतः खुर्चीला पाय ठोकला होता तिला! चार दिवस सासूचे म्हणतात ना, ते सुरू कधी झाले ते मला कळलंच नाही.

मग मी डॉक्टरांकडे गेले. दात दुखत नसताना त्या खुर्चीत बसायची माझी पहिली वेळ. म्हटलं, “माझं नाव अर्जावरून खोडा. आणि या पोरांना सभेत बोलू द्या. त्यांच्याबद्दलच ठरवायचं आहे ना?”

“बोलून करतील काय?” डॉक्टर म्हणाले. “दोन वर्षं राहतात आणि जातात. आपल्याला इथे मरायचं आहे. आज ते मत देणार, उद्या निघून जाणार आणि निस्तरणार आपण.”

“तुम्हीही आला होतात की दोन वर्षांसाठीच. गेलात का?”

तुला माहीत नसेल, तू गेल्यावर दोन वर्षांनी हा मनुष्य दंतवैद्यकी शिकायला या गल्लीत आला. अध्यक्षांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहिला आणि मग जिन्याने खाली उतरला तो जावई होऊनच. तोही त्याच भिंतीला टेकून उभा राहायचा.

“तुमच्याही डोक्याचं तेल आहे त्या भिंतीवर,” मी म्हटलं.

“म्हणून तर सांगतोय!” डॉक्टर म्हणाले. “त्या वयात मी काय काय केलं ते मला माहीत आहे. आ करा.”

“मी दात दाखवायला आले नाही.”

“खुर्चीत बसलात ना? आ करा.”

एक दाढ किडली आहे म्हणाले. पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. नाव खोडलं, पण विद्यार्थ्यांच्या बोलण्याचं काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, “नियम आहे. घराची एक खुर्ची, खुर्चीचं एक मत. मी नाही केला तो.” खरं आहे, त्यांनी नाही केला. त्यांच्या सासऱ्यांनी केला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, पायरीकडे. पण पायरीकडे मी एकटीच असेन असं दिसतंय. टायपिंगवाल्या बाईंचं काही सांगता येत नाही, त्या कालपासून खिडकीत दिसल्या नाहीत. एका खुर्चीने काय होतं?

माझ्या मनात एक आहे. लिहीत नाही. फसलं तर तू हसशील.

डिंकी


४ मार्च

शेंगे,

काल सभा झाली. सगळं क्रमाने लिहिते, मध्ये पान उलटून शेवट बघू नकोस. तुला ती खोड होती.

आधी सासरेबुवांचं सांगायला हवं. तू गेलीस त्यानंतर ते बरीच वर्षं अध्यक्ष होते आणि अध्यक्षपद सोडल्यावरही घराच्या खुर्चीवर सभेला येऊन बसायचे. पुढे पुढे झोपायचे. चांगले घोरायचे. एकदा मतदानाच्या वेळी ते गाढ झोपेत, घराचं मत तर हवं. मग डॉक्टर आणि मी, हो मीसुद्धा, दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि नळाकडे नेऊन ठेवलं. ते जागे झाले तेव्हा ठराव पास झाला होता आणि त्यांच्या मांडीवर नळाचं पाणी ठिबकत होतं. त्यानंतर हे गल्लीत कायमचं ठरून गेलं की मोजायची ती खुर्ची. तिच्यावर कोण बसलंय, जागं आहे की झोपलेलं, हे बघायचं नाही. घर ज्याला बसवेल तो बसेल. कुणाकडून भाचा यायचा, कुणाकडून स्वयंपाकाच्या बाई.

काल मी माझी खुर्ची खांद्यावर घेतली आणि गणितला म्हटलं, चल. नर्सबाई पाळीवरून तशीच गणवेशात आली. अंगणात बाकीची विद्यार्थी मंडळी भिंतीला टेकून उभी होतीच. तुला ती भिंत आठवते? डोक्याच्या उंचीवर एक काळपट पट्टा आहे, गुळगुळीत. वर्षानुवर्षांच्या टेकलेल्या डोक्यांचा. तीन वेळा रंग दिला, तरी तो वर येतोच.

मी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आणि गणितला म्हटलं, “बस.”

ती बसली नाही. तिला वाटलं मी चुकले.

“बस म्हणते ना!”

बसली. मी मागे गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हे काय?”

“माझ्या घराची खुर्ची,” मी म्हटलं. “कुणाला बसवायचं ते घर ठरवतं.”

“ही घरातली नाही.”

“डॉक्टर, तुमच्या खुर्चीवर सासरे झोपून मत देत होते. ही निदान जागी आहे.”

सगळं अंगण हसलं. शेंगे, त्या दिवशी हसले होते तसं नाही. डॉक्टरही हसले, दातांचे डॉक्टर असून त्यांचा पुढचा एक दात नाही, तो हसताना दिसतो. पण मागे हटले नाहीत. म्हणाले, “बरं, बसलीच आहे तर बोलू दे. पाच मिनिटं.”

ती पाच मिनिटंही बोलली नाही. उठली, आणि आधी नळाबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. मग म्हणाली, “पाण्याची वेळ बदलली ते आम्हाला छतातून पाणी गेल्यावर कळलं. आम्ही इथे असतो तर आधी कळलं असतं. तुम्ही म्हणता आम्ही दोन वर्षांनी जाणार. मी जाईन. पण खोली कुठे जाणार आहे? तिथे दुसरी कुणी येईल, तिलाही पाणी लागेल. मला माझ्यासाठी मत नको. त्या खोलीसाठी कुणीतरी इथे बसावं, एवढंच.”

आणि बसली. ना टाळ्या, ना काही. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, “आणि सायकली? सायकलींचं काय?” एवढंच.

मग मत. विद्यार्थ्यांना खोल्या द्यायच्या नाहीत हे ज्यांना मान्य त्यांनी नळाकडे. खुर्च्या सरकायला लागल्या. एक, दुसरी, चार-पाच एकदम. मागून दिसतं ते वेगळंच असतं गं, मी विसरले होते. पुढे बसलं की आपण आपली खुर्ची उचलतो आणि जातो. भिंतीपाशी उभं राहिलं की फक्त पाठी दिसतात, आणि कुठली पाठ उठते ते बघत राहावं लागतं. आपलं सगळं त्या पाठींवर अवलंबून. गणितची पाठ ताठ होती. ती हलली नाही.

टायपिंगवाल्या बाई उठल्या. त्यांचा सगळा धंदा पोरांच्या प्रबंधांवर, तरी त्यांच्याच जिन्याखाली सायकली लागतात, त्यामुळे त्या चिडलेल्या. खुर्ची उचलून निघाल्या आणि अंगणाच्या मधोमध थांबल्या. म्हणाल्या, “वजन होतंय.” आणि तिथेच खुर्ची टेकवून बसल्या. ना नळाकडे, ना पायरीकडे. डॉक्टर म्हणाले, “बाई, मोजायचं कसं?” त्या म्हणाल्या, “विचार करतेय. एवढी वर्षं गल्लीत राहते, विचार करायला मला पाच मिनिटं मिळू नयेत?” मग मान वळवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “ती बाई शेवटी परत आली होती का गं?”

इतक्या वर्षांनी! मी काय सांगणार होते? म्हटलं, “आली होती.”

“मग राहू देत पोरं,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची उचलून पायरीकडे आल्या. त्यांच्यामागून आणखी दोन आल्या. त्या का आल्या मला माहीत नाही, बहुधा ऊन नळाकडे होतं.

ठराव पडला. फार थोडक्यात पडला. पोरी राहतात. मुलांना सभेत खुर्ची द्यायची का, यावर मात्र काहीच ठरलं नाही. डॉक्टर म्हणाले ते पुढच्या सभेत पाहू, आज आधीच डोकं उठलंय. पण हेही म्हणाले की घराने बसवलं तर बसू दे, त्याला कोण अडवणार. पाणी पुन्हा सकाळी सोडायचं ठरलं. म्हातारबुवांनी सायकलींचा विषय पुढच्या सभेसाठी लिहून घ्यायला लावला. तेव्हा सगळं जिंकलो असं समजू नकोस.

मी लांबण लावते आहे, कळतंय मला. सांगायचं आहे ते पुढेच आहे.

सभा संपली. उभं राहून राहून माझे गुडघे गेले होते. तीच जागा, तेच गुडघे, फक्त मालकीण बदललेली. मी खुर्ची उचलायला वाकले तर गणितने ती माझ्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि पुढे चालायला लागली. मी मागे, नर्सबाईच्या हाताला धरून. आणि नर्सबाई गणितला हाक मारून म्हणाली, “झालीस की गं तू त्यांच्यातली!”

अक्षर न् अक्षर तेच.

मी थांबले. आणि गणित मागे वळली, शेंगे, खांद्यावर खुर्ची, तोंडभर हसू, म्हणाली, “आधीच होते, तुला आत्ता कळलं!” नर्सबाई हसली. दोघी खिदळत गेल्या. घरी जाऊन त्यांनी एका ताटात जेवण केलं, एकमेकींच्या उष्ट्यावरून भांडल्या, मग हाडं पाठ केली. कुणाला काही लागलं नव्हतं. त्या वाक्यात लागण्यासारखं काही होतंच कुठे?

मी अंधार पडेपर्यंत दुकानात बसले होते. त्या दिवशी मी तुझ्या पुढे होते. तू मागे होतीस. खुर्ची माझ्या खांद्यावर होती, मी मागे वळलेच नाही. तुझा चेहरा मी पाहिलाच नाही. नुसता आवाज ऐकला, आणि सभेतल्या सगळ्या रागाचा रंग त्या आवाजाला मीच दिला. सकाळी खाट रिकामी दिसली तेव्हा तो रंग पक्का झाला.

तुझी तीन पायांची खुर्ची अजून वर आहे. गणित तिच्यावरच बसून अभ्यास करते. चौथा पाय आपण ठोकलेलाच, अजून डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी लागते. पुढच्या सभेला मी ती खाली नेणार आहे. खोलीची म्हणून.

सही तू अजून पाठवली नाहीस. पाठवू नकोस. ये आणि इथे बसून कर, पोराला मी दोन आठवडे थांबवते. तोवर एवढंच कळव, दोन ओळींत लिहिलंस तरी चालेल, एका शब्दातही चालेल. ते वाक्य बोलताना तू हसत होतीस का?

तुझीच,
डिंकी